बेल हाउसिंग

मोटारगाडीचे एंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे, घंटेच्या आकाराचे ओतीव कवच. फ्लायव्हील व क्लच त्याच्या आत असतात. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलताना कवचाची पुढची बाजू एंजिनाशी आणि मागची गिअरबॉक्सशी जुळणे अत्यावश्यक असते.

अमेरिकेतील शेव्हरोले गाड्यांचा चार गतींचा मन्सी गिअरबॉक्स (१९६३–७४) हे याचे परिचित उदाहरण. त्याच्या पुढील बेअरिंगचे झाकण ४.६८६ इंच व्यासाच्या छिद्रात नेमके बसते. ट्रकच्या अनेक हाउसिंगमधील ५.१२५ इंची छिद्रासाठी मध्ये कडी घालावी लागते. १५३ दात्यांच्या फ्लायव्हीलसाठी असलेल्या लहान हाउसिंगमध्ये १६८ दात्यांचे मावत नाही. सुरुवातीच्या मन्सीच्या इनपुट शाफ्टवर १०, तर नंतरच्यांवर २६ खाचा आहेत. क्लचप्लेट त्यानुसार निवडतात.

गिअरबॉक्स बसवण्यापूर्वी हाउसिंगचे छिद्र क्रँकशाफ्टशी समकेंद्री आहे का, हे डायल गेजने तपासतात. पूर्ण फेरीतील फरक साधारणपणे ०.००५ इंचापर्यंत चालतो. तो जास्त असल्यास उत्केंद्री डॉवेल पिना वापरतात. या तपासणीकडे दुर्लक्ष केल्यास बेअरिंगे लवकर झिजतात आणि चालत्या गाडीचा गिअर सुटू शकतो.