घरगुती विमान आणि उड्डाणाची जागा : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्रातील हौशी विमानविद्येचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे १८९५ सालचे चौपाटीवरील कथित उड्डाण हटकून पुढे केले जाते. त्या उड्डाणास समकालीन असा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. आणि त्याच्याशी पुढे जोडल्या गेलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ होत, असा निर्वाळा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दिला. वाद तेवढ्याने मिटला नाही, ही गोष्ट निराळी. त्या वादापायी एक नुकसान मात्र खचित झाले. ज्या लहान विमानांच्या उड्डाणाविषयी कोणाला शंका घेण्याचे कारणच नाही, त्यांच्याकडे इतिहासकाराचे लक्ष गेले नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील घराघरांतून थर्माकोल अथवा फोम कापून तयार होणारे बिनतारी नियंत्रणाचे विमान हे त्यांपैकी एक होय.

वस्तुतः माणसाला घेऊन उडण्यापूर्वी विमान उडाले ते प्रतिकृतीच्या रूपाने. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या त्विलेरी बागेत पिळलेल्या रबराच्या बळावर चालणारे विमान सुमारे ६० मीटर उडवून दाखविले. पुढे १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी बिनतारी यंत्रणेने वळविता येणारे विमान सिद्ध केले. या साऱ्या विद्येला जे बाल्सा लाकूड पुढे सोयीचे ठरले ते दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडे ते परदेशी आणि महाग. साहजिकच राष्ट्रीय छात्रसेनेचे हवाई पथक किंवा एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आश्रयावाचून हा छंद सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात येणे कठीण होते.

थर्माकोलने ही अडचण दूर केली. त्याची ओळख या परिसराला विमानशास्त्रातून झालेली नाही. ती झाली गणपतीच्या मखरांतून. तापलेल्या तारेने थर्माकोल कापण्याचे कसब मखरे करणाऱ्यांच्या हाती केव्हाच बसलेले होते, आणि पंखाचा वक्र छेद कापावयाचा तर नेमके तेच कसब लागते. राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा मखरांचा धंदा बसला. हौशी वैमानिक मात्र आवेष्टनातील तुकडे आणि फोमचे पत्रे यांवर भागवू लागले. पदार्थ हलका खरा, पण नाजूक. रबरी चिकटद्रव्य लावले तर तो विरघळतो, म्हणून पांढरा गोंद वापरावा लागतो. पंख वाकू नये म्हणून त्यात बांबूची काडी किंवा कार्बनची नळी बसवितात. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यात ठेवावा लागतो. तो मागे सरकला की विमान नाक वर करून गटांगळी खाते, आणि दोन आठवड्यांची मेहनत काही सेकंदांत मातीस मिळते. बॅटरी पुढेमागे सरकवून हा तोल साधण्यातच नवशिक्याची खरी परीक्षा असते.

शक्ती आणि नियंत्रण हे प्रश्नही एकामागून एक सुटले. लिथियम पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित विद्युत्-मोटर यांमुळे तेलावर चालणाऱ्या इंजिनाची धूर-आवाजाची कटकट संपली. २.४ गिगाहर्ट्‌झचा कंपनपट्टा भारत सरकारने २००५ साली अल्पशक्तीच्या साधनांसाठी परवानामुक्त केला, आणि आजची बहुतेक नियंत्रणयंत्रे त्याच पट्ट्यात चालतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनी तर ‘मॉडेल’ विमानाची स्वतंत्र व्याख्याच केली : वजन २५ किलोग्रॅमपर्यंत, हेतू शिक्षण, संशोधन वा करमणूक, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. अशा विमानास नमुना-प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीवाचून उडण्यास मोकळीक आहे. मात्र मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे थेट मुलुंडपर्यंत, ड्रोनबरोबर दूरनियंत्रित विमानांनाही मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघत असतात.

तात्पर्य, बांधणी सोपी झाली आणि जागा दुर्मिळ झाली. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी माणसाला नेणारे विमान बांधले. २०१६ साली ते वांद्र्याच्या प्रदर्शनात मांडले गेले. पण चाचणी-उड्डाणासाठी २०२० साली धुळ्याची धावपट्टी गाठावी लागली. लहान विमानाची कथा निराळी नाही.

कल्याणजवळ विस्तीर्ण सपाट जागा नाही असे नव्हे. मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानतळ केला. युद्ध संपले, विमाने गेली, आणि लोक तेथे पुन्हा पीक घेऊ लागले. जमीन युद्धापुरतीच घेतली होती, सबब ती परत मिळावी, हे ग्रामस्थांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याची आहे, हे सरकारचे. नौदलाने भिंत घालण्यास आरंभ केल्यावर २२ जून २०१७ रोजी आंदोलनाला हिंसक वळण लागले, पोलिसांची वाहने जाळली गेली, अनेकजण जखमी झाले. ज्या जमिनीसाठी दोन पिढ्या भांडत आहेत, तिच्याकडे केवळ ‘मोकळे मैदान’ म्हणून पाहणे हे नकाशा वाचणाऱ्याला जमेल, तेथील माणसाला नव्हे.

म्हणून या भागात उड्डाणाचा हंगाम भाताच्या कापणीवर ठरतो. पावसाळ्यात खाचरांत पाणी असते; दिवाळीनंतर कापणी झाली की वाळलेल्या धसकटांवर विमान पोटावर उतरविता येते. सकाळी वारा पडलेला असतो, तेवढ्या वेळात काम उरकावयाचे. हिरव्या क्षेत्रातील उड्डाणाला दिल्लीची पूर्वपरवानगी लागत नाही. शेताच्या धन्याची लागते, आणि ती बांधावर उभे राहूनच मागावी लागते.