प्रस्तावना : वरच्या दुधाचे पहिले दिवस

दूध हे पूर्णान्न, असे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे बाळाला दुधाचीच ॲलर्जी आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घर गोंधळून जाते. आजीला ते पटत नाही, आणि आई आपल्या खाण्यापिण्यात काय चुकले ते शोधत बसते. हे का झाले, हा तिचा प्रश्न रास्त आहे. बालरोगतज्ज्ञ त्याच्यामागे कित्येक दशके चिकाटीने लागले आहेत. त्यांच्या शोधाची वाट वाचकांच्या ओळखीची व्हावी, एवढ्यासाठी हे छोटे पुस्तक.

आधी थोडी पूर्वतयारी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याने पोट फुगणे वेगळे आणि ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन अशा दुधातल्या प्रथिनांवर उलटते. तिच्या तात्काळ प्रकारात दूध पोटात जाताच काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. क्वचित श्वासही कोंडतो. पालकांना वाटणारी ॲलर्जी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध पाजून सिद्ध झालेली ॲलर्जी यांत मोठे अंतर असते. युरोपातल्या नऊ देशांत सुमारे बारा हजार बाळांचा मागोवा घेणाऱ्या ‘युरोप्रीव्हॉल’ अभ्यासात सिद्ध झालेले प्रमाण जेमतेम 0.54 टक्के निघाले. कोणताही आकडा वाचताना तो या दोहोंपैकी कशाचा आहे, हे तुम्ही आधी पाहावे.

या विषयात शिरायला डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरासारखे दार नाही. तिथे 1985 साली जन्मलेल्या 1749 बाळांपैकी 39 बाळांत गाईच्या दुधाची ॲलर्जी आढळली. त्यांतली नऊ बाळे फक्त अंगावर पिणारी होती. गाईचे दूध ज्यांनी कधी घेतलेच नाही असे वाटत होते, त्यांना त्याचीच ॲलर्जी कशी? संशोधकांनी प्रसूतिकक्षातल्या जुन्या नोंदी काढल्या. नऊच्या नऊ बाळांना पहिल्या तीन दिवसांत पावडरचे दूध पाजलेले होते. घरी गेल्यावर ते बंद झाले होते. अर्थात, तसे दूध मिळालेल्या बहुतेक बाळांना काहीच झाले नाही, हेही त्याच अभ्यासातून दिसते. तरीही कोणाच्या लक्षात न राहिलेल्या त्या पहिल्या बाटलीकडे अभ्यासकांची नजर वळली ती वळलीच.

मग 2010 मध्ये इस्राएलमधून तेरा हजारांवर बाळांचा अभ्यास आला आणि चित्र उलटे वाटू लागले. पहिल्या चौदा दिवसांत गाईच्या दुधाचे नियमित फॉर्म्युला सुरू झालेल्यांत तात्काळ ॲलर्जीचे प्रमाण 0.05 टक्के होते. साडेतीन ते साडेसहा महिन्यांच्या दरम्यान सुरू झालेल्यांत 1.75 टक्के. इथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण या क्षेत्रातला सर्वांत मोठा चकवा इथेच आहे. ज्या घरात दमा किंवा इसब आहे, तिथली आई वरचे दूध मुद्दाम लांबवते. मग ॲलर्जी उशिरामुळे आली की घराण्यातून? नुसत्या निरीक्षणातून याचा निवाडा होत नाही.

तो व्हावा म्हणून जपानमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बाळांची गटवारी करून प्रयोग झाले. जन्मानंतर किमान पहिले तीन दिवस गाईच्या दुधाचे फॉर्म्युला टाळल्यास ॲलर्जी कमी होते, असे 2019 च्या टोकियोतल्या प्रयोगात दिसले. ओकिनावातल्या प्रयोगात दुसऱ्या महिन्यात अंगावरच्या दुधाच्या जोडीने रोज किमान दहा मिलिलिटर फॉर्म्युला दिलेल्या गटात ॲलर्जी 0.8 टक्के बाळांत आढळली, ते टाळलेल्या गटात 6.8 टक्के. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे मला वाटत नाही. जन्मतःच घाईने थोडेसे पाजून सोडून देणे एक, आणि महिनाभराने सुरू करून रोज चालू ठेवणे दुसरे. अर्थात यावरून कोणी घरच्या घरी बाटली सुरू करू नये. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आजही तसाच आहे.

इसबाचे प्रकरण मात्र चुकवू नका. भेगाळलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिने शिरली तर ॲलर्जी जडते आणि तोंडावाटे पोटात गेली तर शरीर त्यांना सरावते, ही गिडियन लॅक यांनी मांडलेली कल्पना आज या क्षेत्राचा कणा आहे. आईवडिलांची ॲलर्जी, सिझेरियन, प्रतिजैविके यांचीही चर्चा पुढे आहे. पहिलीचा पुरावा बळकट, उरलेल्या दोन्हींचा डळमळीत.

हे आकडे परदेशचे आहेत. आपल्याकडे अनेक घरांत वरचे दूध म्हशीचे असते, आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना म्हशीचे व शेळीचे दूधही चालत नाही, कारण प्रथिने फार मिळतीजुळती असतात. म्हणून कोणतेही प्रकरण वाचताना हाताशी पेन्सिल ठेवा आणि तीन गोष्टी समासात टिपा : वरचे दूध कितव्या दिवशी आले, किती दिले आणि नंतर ते चालू राहिले की बंद पडले.