राक्षसाच्या तोंडी कोणता सूर?

सांगलीत जन्मलेल्या मराठी नाटकाला पुढच्या पिढ्यांनी दोन टोपणनावे दिली. एक ‘तागडथोम नाटके’ आणि दुसरे ‘अललडुर्र नाटके’. दोहोंतही सुशिक्षितांचा उपहास आहे. गद्य आणि संगीत नाटकाची चटक लागलेल्या प्रेक्षकाने मागच्या पिढीच्या करमणुकीला मारलेला तो टोमणाच होता. मात्र ही दोन्ही नावे आवाजाची आहेत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ‘तागडथोम’ हा सूत्रधाराच्या मागे वाजणाऱ्या मृदंगाचा बोल. ‘अललडुर्र’ ही राक्षसपात्रांची आरोळी. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांतील वेष, राळेचे भपके, मोरावर बसून येणारी सरस्वती हे सारे विसरले गेले आणि लोकांच्या कानात हे दोन ध्वनी तेवढे उरले.

आज या जुन्या ध्वनींची आठवण काढण्यास एक अगदी नवे निमित्त आहे. संगणकावर आणि मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत ‘रोल-प्लेइंग गेम’ नावाचा एक प्रकार आहे. खेळणारा त्यात एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि कल्पित राज्यातून हिंडतो. वाटेत गावे लागतात, किल्ले लागतात, अरण्ये लागतात, राक्षस आडवे येतात. हे जग कोणी पाहिलेले नसते. मग तेथील गावात कोणते वाद्य वाजावे? राजवाड्यात कोणत्या घराण्याचे गाणे असावे? राक्षस येतो तेव्हा ऐकू काय यावे? खेळाच्या संगीतकारापुढचा हा प्रश्न नवा वाटतो. वस्तुतः 1843 साली सांगलीत भाव्यांपुढे तो जसाच्या तसा उभा होता. वडूजसारख्या तालुक्याच्या गावी नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना आमची खात्री होत गेली आहे, की मराठी संगीत नाटकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे.

भाव्यांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1842 च्या सुमारास कर्नाटकातून ‘भागवत’ मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या आश्रयाला असलेल्या विष्णु अमृत भावे यांना मराठीत तसे काही रचण्यास सांगितले. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो त्याचीच आठवण म्हणून. यक्षगानातील भागवताची जागा भाव्यांनी सूत्रधाराला दिली. पदे रचलेली असत आणि ती सूत्रधार व त्याचे साथीदार म्हणत. पात्रांनी मात्र पदाच्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी रचायची होती.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. नट किती वेळ बोलेल हे ठरलेले नाही. राम दोन वाक्यांत आटोपेल, की रंगात येऊन पाव घटका बोलेल, याचा नेम नाही. सूत्रधाराने त्याच्यावर डोळा ठेवून उभे राहायचे आणि तो थांबताच पद उचलायचे. लिहून ठेवलेल्या नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या संगीतकाराला ही अडचण कधीच येत नाही, कारण प्रसंगाची लांबी त्याच्या हातात असते. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला मात्र ती पदोपदी येते. खेळणारा त्या कल्पित गावात दोन मिनिटे थांबेल, की तासभर रेंगाळेल, हे कोणास ठाऊक? म्हणून त्याचे संगीत पुन्हा पुन्हा फिरत राहील असे रचावे लागते. शिवाय शत्रू दिसताच एका चालीतून दुसरीत शिरण्याची सोयही ठेवावी लागते. भाव्यांचा सूत्रधार हे काम डोळ्यांनी आणि मृदंग्याला केलेल्या खुणेने करीत असे.

आता राक्षसाकडे वळू. भाव्यांच्या नाटकात पात्रांचे समूह ठरलेले होते. देवांची कचेरी, ऋषींची कचेरी, राक्षसांची कचेरी, असे त्यांना म्हणत. कचेरी भरली की प्रेक्षकाला आपण कोणत्या लोकात आहोत ते कळे. राक्षस येत ते केस मोकळे सोडून, तलवारी परजत, राळेच्या उजेडात आणि आरोळ्या ठोकीत. देव, ऋषी आणि स्त्रिया यांच्या वाट्याला सूत्रधाराची पदे होतीच. राक्षसाविषयीही पद असे. परंतु लोकांच्या स्मरणात राक्षसाचा म्हणून जो ध्वनी राहिला तो पदाचा नाही, आरोळीचा आहे. देवाला सूर आणि राक्षसाला गलका, अशी ही वाटणी झाली. ती भाव्यांनी योजून केली असे म्हणवत नाही. ती यक्षगानातून आणि आपल्या लोकांच्या कल्पनेतूनही आली असावी. तरी ती पडली खरी, आणि पुढे बराच काळ टिकली.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले, तेव्हा त्यांनी सूत्रधाराच्या तोंडचे गाणे काढून पात्रांच्या तोंडी घातले. या एका बदलाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता प्रत्येक पात्राला स्वतःची चाल हवी होती. किर्लोस्करांनी ती जिथून मिळेल तिथून घेतली. साकी, दिंडी, कामदा हे कीर्तनकारांचे छंद होते. लावणीच्या चाली होत्या. ते ज्या मुलखातून आले तेथील कानडी चाली होत्या. दुष्यंत पुराणकाळातला म्हणून त्याला पुराणकाळचे संगीत द्यावे, असला विचार त्यांना शिवला नाही, आणि ते बरेच झाले. पुराणकाळचे संगीत कोणी ऐकले आहे? प्रेक्षकाच्या कानाला जे गाणे भक्तीचे म्हणून ओळखीचे आहे ते भक्तीच्या ठिकाणी, जे शृंगाराचे म्हणून ओळखीचे आहे ते शृंगाराच्या ठिकाणी, एवढाच त्यांचा नियम दिसतो. कल्पित जगाला संगीत देण्याचा याहून शहाणा नियम आम्हाला तरी माहीत नाही. ‘सौभद्रा’त घटोत्कचही आहे, पण तो कृष्णाच्या बेतातला माणूस आहे, नुसता आरडाओरडा करण्यासाठी आणलेला नाही. राक्षस कथानकात आला की त्याची आरोळी आपोआप कमी होते.

पुढचा संगीत नाटकाचा सुवर्णकाळ आम्ही थोडक्यात उरकतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. 1911 च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाच्या पूरबी चाली दिल्या आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची बंदिश रंगमंचावर आणली. गाणे श्रीमंत झाले. पात्रापात्रांतला ध्वनीचा भेद मात्र त्याच प्रमाणात पुसट झाला, कारण रुक्मिणी गाते आणि तिच्याभोवतीचे सारे जग ऐकत बसते. कल्पित लोकाची रचना म्हणून पाहिले तर ही पिछेहाटच होती, असे आमचे मत आहे. ते नाट्यसंगीताच्या रसिकांना रुचणार नाही.

भेदाची जाण परत आली ती बोलपटात. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटात संगीतकार केशवराव भोळे यांनी एक विलक्षण गोष्ट केली. तुकारामाचे अभंग चोरून आपल्या नावावर खपवणारा सालोमालो तेच शब्द मुरके घेत, नाटकी थाटात गातो, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम ते साध्या, सरळ चालीत म्हणतो. येथे खलपात्राकडे गलका नाही. त्याच्याकडे नको इतकी कला आहे. भाव्यांच्या वाटणीला ही नेमकी उलटी कलाटणी होती, आणि आपल्याच आधीच्या पिढीच्या नाट्यसंगीतावर ते एक मार्मिक भाष्यही होते. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग खुद्द तुकारामाचा म्हणून पुष्कळांनी स्वीकारला. त्याचे थोडे श्रेय चालीला द्यावयास हवे. चाल ओळखीची असली की कानाला शब्दांच्या वयाविषयी शंका येत नाही.

आणि मग 1955. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 या दिवशी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर चालले. गीते एकूण 56. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. माडगूळकर आमच्या शेजारच्या माणदेशाचे. माडगूळ हे त्यांचे गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आणि औंध वडूजहून जवळच. त्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करीत आणि त्यांनी ‘चित्ररामायण’ रंगवले होते. याच औंधात अंतुबुवा जोशी यांनी 1940 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव पुढे नावारूपास आला. कीर्तन, ख्याल आणि धनगरी ओवी हे सारे एका संस्थानाच्या हद्दीत ऐकू येत होते. त्या मातीचा माडगूळकरांच्या कानावर काय संस्कार झाला असेल, हे सांगावयास नको.

नभोवाणीवर वेष नाही, राळ नाही, तलवार नाही. राक्षस ओळखायचा तो केवळ कानाने. आरोळीचा मोह व्हावा अशी याहून चांगली जागा कोणती? फडक्यांनी तो टाळला. ‘गीतरामायणा’त शूर्पणखा गाते, कुंभकर्ण गातो, आणि दोघेही गातात ते सुरेल, रागाच्या चौकटीतले गाणे. शूर्पणखेला रामाविषयी वाटणारी ओढ ऐकणाऱ्याला आधी ओढ म्हणूनच जाणवते. ती राक्षसी आहे हे नंतर आठवते. समूहाचा जोरकस ठेका फडक्यांनी राखून ठेवला तो गंगा पार करविणाऱ्या नावाड्यांसाठी आणि सेतू बांधणाऱ्या वानरांसाठी, म्हणजे श्रम करणाऱ्यांसाठी. तागडथोम आणि अललडुर्र यांच्यातली शतकभराची वाटणी येथे मोडली. ‘गीतरामायणा’ची थोरवी सांगताना रागांची यादी देण्याची प्रथा आहे. आमच्या दृष्टीने कुंभकर्णाला गाता येते, ही त्या यादीहून मोठी गोष्ट आहे.

अद्भुताच्या जागतिक कारखान्यात याच काळात कोणती उत्तरे निघाली? 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळात कोइची सुगियामा यांनी किल्ल्याला अठराव्या शतकातील युरोपीय दरबारी वळणाचे संगीत दिले. किल्ला म्हटला की ते संगीत, हा संकेत नंतर जगभर रुळला. 1994 च्या सहाव्या ‘फायनल फँटसी’त तर एक अख्खा ऑपेराप्रवेश आहे. त्यात नायिका एका गायिकेची जागा घेते आणि पुढची ओळ कोणती ते खेळणाऱ्यानेच निवडायचे असते. आयत्या वेळी ओळ सुचवणारा नट येथे वेगळ्या रूपात परतला आहे! पण आम्हाला अधिक विचारात पाडतो तो ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालिकेतील (2001-2003) हॉवर्ड शोअर यांचा निर्णय. त्यांनी प्रत्येक कल्पित जमातीला वेगळे वाद्य दिले. घोडेस्वारांच्या रोहानला नॉर्वेची हार्डँगर फिडल मिळाली आणि मॉर्डोर या दुष्टांच्या देशाला मिळाली राइता. राइता हे उत्तर आफ्रिकेतील दुहेरी पत्तीचे वाद्य, म्हणजे आपल्या सनईच्या गोतातले. ज्या जातीच्या वाद्यावाचून आपल्याकडे लग्न लागत नाही, ते तेथे सैतानाच्या वाट्याला गेले. त्यांच्या प्रेक्षकाच्या कानाला ते परके होते एवढेच त्याचे कारण. ‘अललडुर्र’ ऐकून आपण हसतो, पण परक्याचा आवाज तोच राक्षसाचा आवाज ही रीत अजून जिवंत आहे.

मराठी मुलखातून निघालेला या जातीचा एक खेळ आता उपलब्ध आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 साली ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला. काटेकोरपणे तो रोल-प्लेइंग गेम नव्हे. साहसाचा खेळ आहे. राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली राजी, तिच्या पाठीशी दुर्गा, कथेवर बोलणारे देव आणि कथा सांगताना हलणाऱ्या छायाबाहुल्या, असा त्याचा घाट आहे. (भावेही बाहुल्यांचे कसबी होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) या खेळाचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मराठी नाटकाचा पाया ज्या सूत्रधाराने घातला तो कर्नाटकातून आला होता. संगीतकाराचे गाव कोणते, यापेक्षा त्याने राक्षसाला काय ऐकवले हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तो प्रश्न उद्या कोणी आमच्या खटाव-माणच्या माळावर खेळ रचला तर फार जवळचा होईल. येथे धनगरांची सुंबरानाची ओवी आहे, गोंधळ्यांचे संबळ आहे, देवळातला सनई-चौघडा आहे आणि गजी नृत्याचा मोठा ढोल आहे. जगाच्या संकेताप्रमाणे पाहिले तर सतार राजवाड्याला जाईल, बासरी कुरणाला जाईल आणि या ढोलाची पाठवणी युद्धाला किंवा राक्षसाला होईल, कारण शहरी कानाला तो गलका वाटतो. ज्याने तो येथे ऐकला आहे त्याला हे पटणार नाही. गजीचा ढोल यात्रेत वाजतो, रंगीत रुमाल हाती घेतलेली माणसे त्याच्याभोवती संथपणे फेर धरतात, आणि त्यांत आज्याबरोबर नातवाचेही पाऊल पडत असते. त्या ठेक्यावर नायक लढाई संपवून गावात परत येऊ शकेल.