श्रवण व भाषण : एका जुन्या शाळापद्धतीची हकीकत

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या शाळेची आठवण निघणें साहजिक आहे. मूल वर्गांत मुकाट्यानें बसलें म्हणजे तें ऐकत आहे, असा आपण समज करून घेतों. जुने येशूसंघीय शिक्षक मात्र तसें मानीत नसत. मुख्यतः बाहेरील मुलांसाठीं संघाचें पहिलें विद्यालय १५४८ मध्यें सिसिलींतील मेसीना येथें निघालें. पुढें अर्धशतकाच्या अनुभवावरून १५९९ मध्यें ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही नियमावली कायम झाली.

प्रथम शिक्षक उतारा मोठ्यानें वाचून त्याचा अर्थ उलगडून दाखवी. मग मुलें पाठ करून तो ‘देकुरिओन’पुढें म्हणत. हा देकुरिओनहि विद्यार्थीच. कोण कितीदां अडखळला हें तो वहींत टिपून ठेवी. पण खरी मौज चढाओढींत असे. प्रत्येकास एक प्रतिस्पर्धी नेमलेला असे. एकानें उत्तर द्यावें, तो चुकतांच दुसऱ्यानें चूक सुधारावी. अर्थात् ज्याचें लक्ष नाहीं त्यास बोलण्याची संधीच नाहीं!

एक उणीव मात्र झांकतां येत नाहीं. हें सारें लॅटिनमध्यें चाले. अगदीं खालचे वर्ग सोडल्यास शाळेच्या कामांत मातृभाषेस मनाई असे. लाजाळू पोराची काय दशा होत असेल, वाचकहो! १८३२ च्या सुधारलेल्या नियमावलींत मातृभाषेस अधिक स्थान मिळालें. तोंवर सव्वादोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.