वाटी, चमचा आणि समास

स्वयंपाकाची पुस्तकं मी गोष्टीच्या पुस्तकांसारखी वाचते. काही करायचं नसतानाही, रात्री झोपायच्या आधी दोन-चार पानं. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण खरं सांगू? कोण कुणासाठी रांधत होतं, घरात काय परवडत होतं, कुणाच्या ताटातलं 'आपलं' मानलं जात होतं आणि कुणाच्या नाही, हे सगळं या पुस्तकांतून कळतं. काही लिहिलेल्यातून, काही गाळलेल्यातून. गाळलेल्याकडे नंतर येते. आधी लिहिलेलं.

आपल्या भागातलं खाणं लिहून ठेवणारा एक फार जुना लेखक म्हणजे चक्क एक राजा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. (कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात.) त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३०च्या सुमाराचा. राजानं कसं जगावं याचा तो कोशच आहे. हत्ती, रत्नं, संगीत, खेळ आणि त्यातच एक अन्नभोगाचा भाग. त्यात मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे. घारिका आहे, तिचे आपण घारगे केले. वटक आहे, पूरिका आहे, इडली-डोशाच्या पूर्वजांसारखी दिसणारी नावंही आहेत. आणि शेतातले काळे उंदीर तळायची कृतीही आहे! दचकू नका, ही कृती लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मिरची मात्र त्यात शोधू नका. ती पोर्तुगीजांबरोबर आली, त्याला अजून साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं अवकाश होता. तिखट लागायचं ते मिऱ्याचं. बटाटा, टोमॅटो हेही नाहीत. 'आपलं पारंपरिक' म्हणून आपण जे छातीठोकपणे सांगतो, त्यातलं निम्मं त्या राजाला ओळखूही आलं नसतं.

त्यानंतरचं मला आवडणारं नाव 'भोजनकुतूहल'. किती छान नाव आहे! जेवणाबद्दलचं कुतूहल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रघुनाथ पंडितांचा हा संस्कृत ग्रंथ. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोड्यांनी विसाव्या शतकात त्याच्या पोथ्या तपासून काळ ठरवला आणि त्याच्या आधारे जिलबीचा इतिहासही लिहिला. पुण्यात बसून, हस्तलिखितांच्या ढिगाऱ्यातून जिलबीचा माग काढणारा माणूस! इतिहासकार असावा तर असा.

आणि मग तंजावर. तिथल्या भोसल्यांच्या दरबारात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखित तयार झालं. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) मिशनरी गुरूच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे त्यात देशी पदार्थांच्या शेजारी इंग्रजी पदार्थही आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या लांब, तमिळ मुलखात, मराठीत लिहिलेली इंग्रजी पदार्थांची कृती... 'शुद्ध मराठी जेवण' म्हणजे काय यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा सरस्वती महाल ग्रंथालयाचं हे पुस्तक चाळावं.

छापील पुस्तकांकडे येऊ. १८७५ साली पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणून त्याचंच नाव घेतात. यातलं 'सूप' म्हणजे हॉटेलात वाडग्यात मिळतं ते नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकाचं शास्त्र वरणापासून सुरू होतं. मला हे फार पटतं!

आता एक गंमत बघा. राजा, पंडित, दरबार, गुप्ते... रांधणाऱ्या बाया आणि लिहिणारे पुरुष. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं तेव्हा वरचं नाव बाईचं होतं. लक्ष्मीबाई मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या. मासे-मटणाची रेलचेल असलेला, मुंबईत येणाऱ्या नव्या चवींना लवकर सरावलेला समाज. पुस्तकाच्या नावातच 'मित्र' आहे. शास्त्र नाही, मित्र. १८७५ ते १९१० या पस्तीस वर्षांत काय बदललं, ते या दोन नावांवरून कळतं. बाई वाचायला लागली होती आणि तिला विचारायला कुणीतरी हवं होतं.

पण जुन्या पुस्तकांतून रांधायला बसलं की घोडं अडतं ते मापांपाशी. शेर, पावशेर, छटाक, तोळा. बरं, शेर गावोगावी वेगळा. शिवाय धान्य मोजायचं ते वजनानं नाही, मापानं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत ते सक्तीचे झाले. म्हणजे साठच्या दशकात संसार मांडणाऱ्या मुलीची पंचाईत लक्षात घ्या. आईची मापं शेराची, दुकानातली किलोची, आणि घरात तराजू नाही!

या कोड्याचं उत्तर दिलं कमलाबाई ओगल्यांनी. 'रुचिरा' १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनानं काढलं. कमलाबाई १९१३ सालच्या, सांगलीकडच्या. शाळा फार शिकलेल्या नव्हत्या. स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंच्या हाताखाली. आणि त्यांनी माप निवडलं ते वाटी आणि चमचा.

हे आज इतकं साधं वाटतं की त्यातली हुशारी दिसत नाही. वाटी हे वजन नाहीच, ते प्रमाण आहे. एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप, दोन वाट्या पाणी असा शिरा मी करते. आता वाटी तुमची छोटी असो की माझी मोठी, शिरा तोच होतो. फक्त खाणारी माणसं कमी-जास्त. तराजू नको, काटा नको, शेर-किलोचं भांडण नको. प्रत्येक मराठी घरात जी वस्तू होतीच, तिचंच कमलाबाईंनी माप केलं. (अंडी मोजून घालायच्या केकला हे तितकं चालत नाही, कारण अंडं काही वाटीच्या आकाराप्रमाणे लहानमोठं होत नाही. पण पुरणपोळीला चालतं, आणि आपल्याला तेवढं पुरे.)

तो काळही तसाच होता. मुली शिकत होत्या, नोकऱ्या करत होत्या, लग्न होऊन मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत येत होत्या. सासू गावाला. चूल जाऊन स्टोव्ह आणि गॅस आला, कुकर आला. 'अंदाजानं घाल' म्हणणारं आणि तो अंदाज चुकला की सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. कमलाबाईंना लाखभर सुनांची सासू म्हणायचे ते उगाच नाही. पुढे हेच पुस्तक अमेरिकेला, आखाताला निघालेल्या बॅगांत लोणच्याच्या बरणीशेजारी गेलं. मंगला बर्व्यांचं 'अन्नपूर्णा', जयश्री देशपांड्यांचं 'हमखास पाकसिद्धी' ही त्याच वाटेवरची पुस्तकं. माझ्या आईची 'अन्नपूर्णा', माझी 'रुचिरा', बहिणीची 'हमखास'. आमच्याकडे भांडणं यावरूनही होतात.

दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' मात्र वेगळ्याच जातीचं. दुर्गाबाई (१९१०–२००२) लोकसाहित्याच्या अभ्यासक. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणारी ही बाई स्वयंपाकघरात तितकीच रमायची. पदार्थ कुठून आला, कुणाकडे कसा करतात हे कुतूहल त्यांच्या लिहिण्यात सतत असतं. त्यांची धाकटी बहीण म्हणजे डॉ. कमला सोहोनी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर हट्ट करून १९३३ साली तो मिळवणारी. केंब्रिजची पीएचडी, आणि परत येऊन संशोधन कशावर? डाळी-कडधान्यं, नीरा... गरिबाला परवडणाऱ्या अन्नावर. 'आहारगाथा' त्यांचंच. एकीनं अन्नाची कहाणी सांगितली, दुसरीनं त्यातली प्रथिनं मोजली. दोघी बहिणी माझ्या फळीवर शेजारी-शेजारी उभ्या आहेत, मुद्दामच.

आता गाळलेल्याकडे येते.

माझं सासर मराठवाड्यातलं. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. 'रुचिरा' १९७० साली आलं आणि १९७२ ला महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडला. त्या वर्षाबद्दल मी त्यांना विचारत असते. त्या सांगतात ते मिलोबद्दल. परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि लेकरं रंग बघूनच तोंड फिरवायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळायची. ती गोड, म्हणून लेकरांना आवडायची; आयाबाया स्वतःची पदरात बांधून घरी आणायच्या. यातलं काहीही माझ्या फळीवरच्या एकाही पुस्तकात नाही. लाखो लोकांनी वर्ष-वर्ष जे खाल्लं, त्याची 'पाककृती' होत नाही. कारण पाककृती कशाची लिहायची? तर जे परत करावंसं वाटतं त्याची.

हे मी समजू शकते. पण दुसरं गाळणं इतकं निरागस नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याबद्दलचं पुस्तक. (२०२४ साली ते इंग्रजीतही आलं.) नावातलं ते एकच 'अ' अक्षर वाचून मी थांबले होते. तेल-तूप हाताशी नसताना रांधलेलं अन्न, वाळवून साठवलेलं मांस म्हणजे चान्या, रक्तीसारखे पदार्थ. पाटोळे तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीत, ते पदार्थ कसे करायचे ते सांगतात. आणि त्यातच सगळं येतं.

आता तो सोमेश्वर राजाचा उंदीर आठवा. राजानं खाल्ला म्हणून तो संस्कृत ग्रंथात गेला आणि विद्वानांनी त्यावर अभ्यास केले. गावकुसाबाहेर जे शिजलं ते छापून यायला २०१५ साल उजाडावं लागलं. 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून पाहुण्यांना जे ताट आपण वाढतो, ते ठरवलं कुणी? ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी. कमलाबाईंनी वाईट हेतूनं काही वगळलं असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या घरचं प्रामाणिकपणे लिहिलं. आपण वाचणाऱ्यांनी मात्र ते एका घरचं आहे हे विसरून सगळ्या महाराष्ट्राचं मानलं.

असो. गेले काही महिने मी सासूबाईंचं खाणं उतरवून घेतेय. येसराची आमटी, तव्यावरचं पिठलं, हुलग्याचं माडगं. काम सोपं नाही. त्या मूठभर पीठ घेतात, मी त्यांचा हात धरून ते वाटीत ओतते आणि मोजते. त्या हसतात. "मापानं कुठं स्वैपाक होत असतो का गं?" मी म्हटलं, "आई, तुमचा नाही होत. माझा होतो." त्यावर म्हणाल्या, "मग लिही. पण मूठ माझी हाय, ते बी लिही."

लिहिलं. 'येसर: आईंच्या दोन मुठी, म्हणजे माझी पाऊण वाटी.' त्यांना अलीकडे नावं आठवत नाहीत, कधी कधी माझंही नाही. हात मात्र अजून विसरलेला नाही. म्हणून मला घाई आहे.

आईच्या 'अन्नपूर्णा'च्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: 'आपल्याकडे गूळ जास्त', 'दादांना हिंग नको', 'हे करू नये, वेळ वाया'. मधलं छापलेलं हजारो घरांत सारखंच आहे, कडेचं फक्त आमचं. उद्या इतिहास लिहिणाऱ्याला छापलेलं कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. समासातलं कुठे मिळणार?

तेव्हा नाशिकच्या मावशी, ठाण्याच्या वन्स, आणि अधूनमधून इथे डोकावणारे तुम्ही सगळे, एवढं कराच. घरातलं जुनं पाकपुस्तक रद्दीत टाकायच्या आधी त्याचे समास वाचा. आणि ज्यांच्या घरी पुस्तकच नव्हतं, त्यांनी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, बहात्तर साली तुमच्याकडे काय शिजत होतं? उत्तर जमेल तसं लिहून ठेवा. मापं मुठीची असली तरी चालतील.