तळटीप : जुहूच्या वाळूवरचे तेल

* विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, जुहूच्या किनाऱ्यावर आलेले हे तेल ‘रॅक कॅरिअर’ या जहाजाचे. सुमारे ६०,००० टन कोळसा घेऊन इंडोनेशियातून दहेजला निघालेले हे जहाज ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्याच्या टाक्यांत सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते. (त्याच पावसाळ्यात जुहूच्या वाळूत रुतलेली ‘विस्डम’ आणि ‘पवित’ ही जहाजे वेगळी, लोकांच्या आठवणीत तिन्हींची सरमिसळ झालेली दिसते.)

तवंग कुठे जाईल याचे गणित मांडता येते. पाण्याच्या प्रवाहाचा वेग आणि वाऱ्याच्या वेगाचा साधारण ३ टक्के भाग यांची दिशेसह बेरीज करायची. मग किती तेल उडून जाईल, किती लाटांत घुसळून दाट, चिकट होईल, हे हिशेबात धरायचे. पावसाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे येथे गळलेले तेल बहुधा किनाऱ्यालाच लागते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असे अंदाज वर्तवते.

जोखीम मात्र केवळ शक्यतेवर ठरत नाही. वाळूवरचे तेल खरवडून उचलता येते. वर्सोवा-मालाडच्या खाड्यांत तिवरांच्या श्वसनमुळांवर बसलेले तेल झाडांना इजा न करता काढणे जवळपास अशक्य. म्हणून तेल तिकडे जाण्याची शक्यता कमी दिसली, तरी तरंगते अडथळे आधी खाडीच्या तोंडाशी लावले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. — संपादक