चाकसाखळी
चाकसाखळी : बर्फात वा चिखलात पकड वाढवण्यासाठी टायरवर बसवायची पोलादी कड्यांची जाळी. अमेरिकेतील हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये तिचे पेटंट घेतले. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला साखळी लागत नाही, हा समज टिकत नाही. ती यंत्रणा इंजिनाची ओढ चारही चाकांत वाटते. टायर व बर्फ यांतील घर्षण (पहा : घर्षण) वाढवत नाही, आणि ब्रेक लावताना तर तिचा फारसा उपयोगच नसतो. म्हणून चारही चाकांना साखळी उत्तम. फक्त पुढे बसवली तर उतारावर मागची बाजू घसरू शकते. फक्त मागे बसवली तर वळण हाती राहत नाही. जाळी टायरवर पसरून आधी आतला आकडा, मग बाहेरचा अडकवतात आणि थोडे अंतर जाऊन पुन्हा ताणतात.

अमरावती-अकोल्यात बर्फ नाही, पण पावसाळ्यातले पांदण रस्ते आहेत. तिथे हीच साखळी का चालू नये, असे कोणी विचारील. पातळ चिखलाखाली घट्ट मुरूम असेल तर ती चालते. दर्यापूरकडच्या खोल, फुगणाऱ्या काळ्या मातीत (पहा : काळी मृदा, खारपाणपट्टा) मात्र कड्यांमधली जागा चिकणमातीने लगेच भरते, चाक गुळगुळीत होते आणि तरीही फिरवत राहिल्यास गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतते. अशा ठिकाणी खरा उपाय पांदणीच्या खडीकरणाचा आहे.